काळी चौकट, दहा ठिपके रुंद

सेव्लिएवो, ७ ऑक्टोबर २०२३

ल्युबेन,

तुझा पत्ता आईला दर नाताळात ऑस्ट्रियाहून येणाऱ्या कॉफीच्या खोक्यावरून उतरवून घेतला आहे. तो तरी खरा असावा. जुना फोन नंबर लागत नाही. सहा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. मला भांडायचं नाही आणि समेटही करायचा नाही. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे: तुम्ही प्रोग्रामर लोक शून्यापासून का मोजता?

हसू नकोस. आमच्या शाळेत रशियन शिकायला यंदा चार मुलं उरली, त्यातली दोन चुकून आलेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वेनेता, एक तर संगणक शिकवण्याची परीक्षा दे, नाहीतर जूनमध्ये निरोपाचा केक काप." निवृत्तीला आठ वर्षं आहेत. म्हणून दर शनिवारी सहाच्या बसने तर्नोवोला जाते आणि चौपन्नाव्या वर्षी जावा शिकते. शिकवतो कोण, तर कालोयान. माझाच विद्यार्थी, आता सव्वीस वर्षांचा, दाढी ठेवलेला. मला अजून 'मॅडम' म्हणतो आणि म्हणताना कीव करतो.

मागच्या शनिवारी लूप शिकवला. तेच ते काम पुन्हा पुन्हा करायचं, अट संपेपर्यंत. ते मला कळलं, एकतीस वर्षं मी तेच करते आहे. पण फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी आणि पहिल्या ठिपक्याचा नंबर शून्य, हे डोक्यात शिरत नाही. फोटो चारशे ऐंशी ठिपके रुंद असेल तर शेवटचा ठिपका चारशे एकोणऐंशीवा. मी चारशे ऐंशी लिहिलं की प्रोग्राम मरून पडतो आणि लाल अक्षरांत मला सांगतो की मी हद्दीबाहेर गेले. मला! या गावात मला असं कोणी बोललेलं नाही.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते. मी तिला तुझं सांगत असते.

दोन ओळी पाठव. 'प्रिय ताई' वगैरे लिहायची गरज नाही.

वेनेता


सेव्लिएवो, २९ ऑक्टोबर

ल्युबेन,

पत्र तुझ्याकडे पोचायला आठ दिवस, उत्तर यायला आठ दिवस. लिहायला तू एक दिवस लावलास असं धरलं तरी उत्तर यायला हवं होतं. शेवटी कालोयाननेच सांगितलं. "मॅडम, नंबर म्हणजे पहिल्या ठिपक्यापासून किती पावलं चालायचं ते. पहिल्यासाठी शून्य पावलं." चांगलं समजावतो कार्टा. तू बस मूग गिळून.

आता परीक्षेसाठी प्रत्येकाने एक फोटो घेऊन त्यावर तीन मेथड लिहायच्या आहेत. मेथड म्हणजे एखाद्या कामाला नाव देऊन ठेवायचं, मग नावाने हाक मारली की ते काम होतं. मी एकतीस वर्षं वर्गात मुलांना नावाने हाक मारते आहे, एकही काम होत नाही. तर एक मेथड फोटो उलटा करणारी, आरशात दिसतो तसा. एक रंग काढून काळापांढरा करणारी. एक भोवती चौकट काढणारी.

फोटो तुझा घेतला आहे. दुसरा काही अर्थ काढू नकोस. घरात सरळ समोर बघणारा, डोकं न कापलेला फोटो तोच निघाला, निळ्या शर्टातला. माझे सगळे फोटो सहलीतले, आणि प्रत्येकात मी कोणावर तरी ओरडते आहे.

उलटा करण्यात चार संध्याकाळी गेल्या. डावीकडचा ठिपका उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे, अशी अदलाबदल करायची. सगळं बिनचूक लिहिलं, प्रोग्राम चालला, लाल अक्षरं नाहीत, आणि तुझा फोटो जसाच्या तसा. भांग डावीकडेच. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. नंतर कळलं की अदलाबदल निम्म्या रुंदीपर्यंतच करायची असते. मी शेवटपर्यंत गेले, त्यामुळे दुसऱ्या निम्म्यात सगळे ठिपके परत आपापल्या जागी. पण हे नंतर कळलं. त्या चौथ्या संध्याकाळी मी कोबी खारवायचा सोडून टेबलावर डोकं ठेवून रडत होते, आणि नेमकी खालची गीना वर आली.

गीना तुला आठवत असेल. आता रोज सकाळी आईपाशी येऊन बसते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही आणि तोंडातून सगळं सुटतं. पडद्यावर तुझा फोटो, समोर मी नाक पुसते आहे.

"भावासाठी रडतेस ना?"

"नाही गं गीना, लूपपायी."

"असू दे, असू दे. मला नको सांगूस."

काळापांढरा करण्याचंही तसंच झालं. तांबडा, हिरवा, निळा यांची बेरीज करून एकतृतीयांशाने गुणलं, तर तू पूर्ण काळा. डोळे नाहीत, नाक नाही, नुसता कोळसा. हे यंत्र एक भागिले तीन म्हणजे शून्य समजतं म्हणे, अपूर्णांक सरळ टाकून देतं. बेरजेलाच तीनने भागायचं. असल्या यंत्रावर लोक विमानं चालवतात!

निदान एवढं तरी लिही की पत्रं मिळतात.

वेनेता


सेव्लिएवो, २६ नोव्हेंबर

ल्युबेन,

हे पत्र हातात पडताच आईला फोन कर. बाकीचं नंतर वाच. घरचा नंबर तोच आहे, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा. आत्ता कर.

केलास? मग वाच.

कालोयानला तिन्ही मेथडींचे छापील नमुने वहीत चिकटवून हवे होते. शुक्रवारी शाळेत छापून आणले. तुझा फोटो, काळापांढरा, भोवती दहा ठिपके रुंद काळी चौकट. एक नमुना वहीत लावला, एक जास्तीचा दारापाशी चपलांच्या कपाटावर वीजबिलाखाली राहिला. मला तो प्रोग्रामचा नमुना वाटत होता. कागदावर काळ्या चौकटीत काळापांढरा माणूस म्हटल्यावर आपल्या गावात दुसरं कोणाला काय वाटणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. महिनाभर मी तुझ्याकडे फक्त ठिपके म्हणून बघत होते.

शनिवारी मी सहाच्या बसने गेले. आठला गीना आली. तिला कागद दिसला. तिने तो आईला दिसू नये म्हणून ॲप्रनमध्ये लपवला आणि तडक झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथे कोणी गेलं की भिंतींवर लावायच्या शोकपत्रकांचे मजकूर तयारच असतात, नाव तेवढं घालायचं. 'परदेशात अकस्मात आम्हाला सोडून गेला.' पंचवीस प्रती. आपल्या दारावर, फाटकावर, बेकरीपाशी, चर्चच्या भिंतीवर, बसथांब्यावर. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. माझ्या फोनची बॅटरी संपलेली.

संध्याकाळी बसमधून उतरले आणि तू समोर. थांब्याच्या काचेवर, कार्पेट धुणाऱ्याच्या जाहिरातीशेजारी.

तुला हे सांगायचं नव्हतं, पण सांगते. मी तुझं नाव वाचलं आणि मला ते खरं वाटलं. वाटलं, ऑस्ट्रियाहून कोणीतरी कळवलं, आणि गावाला माझ्याआधी कळलं. शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, "देव त्याला क्षमा करो," आणि मी तिला "आभारी आहे" म्हटलं. तसंच म्हणतात ना. किती वेळ उभी होते माहीत नाही. मग मला दिसलं की उजवीकडची चौकट तुझ्या कॉलरपाशी येऊन संपली आहे, खाली काहीच नाही. ती माझी चूक. त्या लूपमध्ये उंचीच्या जागी रुंदी लिहिली होती आणि कालोयानने त्यावर लाल खूण केली होती. स्वतःची चूक बघून कोणाला एवढा आनंद झाला नसेल. मी तिथेच मोठ्याने हसले, आणि त्या बाईने बिचारीने मला धरून बाकावर बसवलं.

मग मी पत्रकं फाडत सुटले. बेकरीपाशी एका म्हाताऱ्याने हात धरला.

"मेलेल्याचं पत्रक फाडतेस? लाज नाही वाटत?"

"अहो, तो जिवंत आहे!"

"हो बाई हो. पहिले काही दिवस असंच वाटतं."

घरी पोचले तर आई पुढच्या खोलीत काळा रुमाल बांधून बसलेली. आरशावर चादर. टेबलावर फुलं, मेलेल्यासाठी आणतात तशी सगळी सम संख्येत. गीना तुझ्या नावाने वाटायचा गहू शिजवत होती. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती डाव हातात धरून म्हणाली, "मला काय माहीत? रोज फोटो बघून रडतेस, मला वाटलं तुझ्या हातून लावणं होत नाहीये. मग शेजारी कशाला असतात?"

आणि आईला पटत नाही. मी वही दाखवली, प्रोग्राम दाखवला, उलटा ल्युबेन, सुलटा ल्युबेन, काळा ल्युबेन. ती म्हणाली, "सहा वर्षं तू मला सांगतेस, ल्युबेनचा फोन आला होता, तुझी चौकशी करत होता. माझे पाय गेलेत, कान नाही. पहिल्या वसंतानंतर या घरात त्याचा फोन वाजलेला नाही. तेव्हा खोटं बोलत होतीस, आताही बोलतेस."

खरंच आहे ते. मी दर महिन्याला तुझा एक फोन बनवायची. कधी तुला सर्दी झालेली असायची, कधी पगार वाढलेला.

ती जेवत नाही. पाणी आणि पाव. आता ती फक्त तुझ्या आवाजावर विश्वास ठेवेल. एक फोन, ल्युबेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

वेनेता


सेव्लिएवो, ४ डिसेंबर

ल्युबेन,

काल नववा दिवस झाला. आईने तुझ्या नावाने गहू वाटला, साखर आणि अक्रोड घालून. गल्लीतल्या लोकांनी खाल्ला. मीही खाल्ला, कारण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. जिवंत भावाचा गहू घशाखाली उतरवणं काय असतं ते तुला कळायचं नाही.

मागचं पत्र अजून वाटेत आहे की तू फाडून टाकलंस, मला माहीत नाही. तू कुठल्या कंपनीत आहेस तेही माहीत नाही. तुझ्या ग्रात्स शहरातल्या तीन कंपन्यांना मी शब्दकोशातलं जर्मन बोलून फोन केले. तिघांनीही फार सभ्यपणे फोन ठेवला.

तू फोन का करत नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू केला होतास, बाबा गेले त्या वसंतात. आईने तुझा आवाज ऐकून फोन ठेवून दिला. दोनदा. मी बाजूला उभी होते. तू समजलास की आईने तुला तोडलं. का तोडलं, हे तुला कोणी सांगितलं नाही. ते सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

बाबा मंगळवारी पहाटे गेले आणि बुधवारी दुपारी पुरले. मी तुला बुधवारी संध्याकाळी कळवलं. ते तुला माहीत आहे. तू विचारलंस, "काल का नाही सांगितलंस?" तेव्हा मी म्हटलं, धांदलीत राहून गेलं. राहून नव्हतं गेलं. चौदा महिने मी त्यांची कूस बदलत होते आणि तू फोनवरून मला औषधांची नावं शिकवत होतास. मी फोनपाशी गेले, नंबर फिरवायला घेतला आणि मनात म्हटलं, आता येऊन शवपेटीशेजारी उभं राहून रडून दाखवशील, ते मला बघायचं नाही. म्हणून फोन ठेवला. मग बुधवारी तू ओरडलास, आणि मी म्हटलं, आमच्या लेखी तूही गेलास.

हे एवढंच असतं तर आपलं दोघांचं भांडण झालं असतं. पण दफनाच्या वेळी सगळे विचारत होते, ल्युबेन कुठे? आईने विचारलं. मी म्हटलं, "कळवलंय. नाही जमत म्हणाला."

झालं. सहा वर्षं हे गाव तुला बापाच्या दफनाला न आलेला मुलगा म्हणून ओळखतं. आईसुद्धा. मी तिला सांगायला शंभरदा तोंड उघडलं, आणि प्रत्येक वेळी तुझा एक खोटा फोन बनवून सांगितला.

आता तुला माझा जितका राग करायचा तितका कर. पण आईला फोन कर. ती तुझ्या चाळिसाव्या दिवसाची तयारी करते आहे. तिला एकच मुलगा आहे आणि मी तिला तो दोनदा घालवायला लावला.

प्रोग्रामचं काय लिहू? बसले नाही.

वेनेता


सेव्लिएवो, १७ जानेवारी २०२४

ल्युबेन,

तू तेरा डिसेंबरला फोन केलास त्यानंतर मी तुला चार पत्रं लिहून चुलीत घातली. हे पाचवं. हेही घालणार होते.

तुला माहीत नसेल, आईने फोन उचलल्यावर आवाज मोठा करायचं बटण दाबलं होतं. रिसीव्हर धरून तिला फार वेळ उभं राहवत नाही. मी चुलीपाशी होते, राजम्याचं भांडं हातात. सगळं ऐकलं. तुझं "आई, मी आहे गं". तिचं रडणं. गीना दारात, आपण गुन्हा केला की पुण्य, हे न कळून तोंडावर हात धरलेली. आणि मग आईने विचारलेलं, "बापाला माती द्यायला का आला नाहीस रे?"

मी मनात म्हटलं, सांग, सांगून टाक. तुला सगळं कळलं होतं, माझं पत्र तुझ्या हातात होतं. आणि तू म्हणालास, "कामात अडकलो, आई. कळलं होतं मला. चुकलं माझं."

तुला हा मोठेपणा करायला कोणी सांगितला होता? मी? त्याआधी चार पत्रं पाठवली तुला, एकात तरी लिहिलं होतं का की मला वाचव? लहानपणी काच मी फोडली की तू असाच पुढे व्हायचास आणि मार खायचास, आणि मग मला आठवडाभर तुझं तोंड बघवायचं नाही. तीच सवय! आई फोनवर म्हणाली, "जाऊ दे बाळा, झालं गेलं," आणि तिने तुला क्षमा केली. तू न केलेल्या गोष्टीची क्षमा. मी राजमा ढवळत राहिले. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. नाताळातही नाही.

परीक्षा तेरा तारखेला झाली. सहापैकी चार. कालोयानला मी त्याच्या वेळी रशियनमध्ये तीन दिले होते, त्यामुळे मान वर करून बघायची सोय राहिली नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा प्रोग्राम कुरूप आहे, पण चालतो." पुढच्या वर्षीही शाळेत आहे म्हणायचं.

काल बाबांना सहा वर्षं झाली. दरवर्षी पत्रक लावतो तसं यंदाही लावायचं होतं. यंदा झेरॉक्सवाल्याकडे फोटो दिला नाही. तो बाबांचा गॅरेजमधला फोटो आहे ना, ज्यात त्यांचा चेहरा टोपीच्या सावलीत गेला आहे, तो घेतला. दुहेरी लूप लिहिला, एक आडवा, एक उभा. टोपीच्या खालचा एकेक ठिपका घेऊन त्यातलं तांबडं, हिरवं, निळं चाळीसने वाढवलं. कुठला ठिपका दोनशे पंचावन्नच्या वर गेला तर तिथेच थांबवला. पहिल्यांदा टोपीच उजळली, चेहरा तसाच. दुसऱ्यांदा कान उजळले. बाबा असते तर त्यांनी माझ्या हातातून सगळं काढून घेतलं असतं. तिसऱ्यांदा डोळे दिसले. मग मजकूर लिहिला. नेहमीचा नाही.

'इव्हायलो, सहा वर्षं. पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना तुमची आठवण आहे. मुलगा ल्युबेन याला मी दफन होऊन गेल्यावर कळवलं. त्याला कळलं असतं तर तो आला असता. मुलगी वेनेता.'

पंचवीस प्रती. मी स्वतः लावल्या, जिथे जिथे तू लागला होतास तिथे तिथे.

गीना धावत आली. "अगं बाई, हे काय लिहिलंस! असलं कोणी पत्रकावर लिहितं का? काढ, काढ, म्हातारी खाली यायच्या आत काढ!"

"राहू दे."

"लोक काय म्हणतील?"

"तूच सांग सगळ्यांना. मला तेवढा वेळ नाही."

आई काठी टेकत जिना उतरली. नोव्हेंबरपासून उतरली नव्हती. दारापाशी उभी राहून तिने चष्मा पुसला आणि वाचलं. दोनदा वाचलं, मी डोळ्यांकडे बघत होते. थंडी मरणाची, तिच्या पायांत नुसत्या सपाता. मी म्हटलं, "आई, वर चल." ती हलली नाही. मी हात धरायला गेले तर तिने तो काढून घेतला. कालचा सगळा दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी वाढलेलं गीनाकडून घेऊन खाल्लं.

आज सकाळी मी शाळेत निघाले, कोट चढवत होते. ती खिडकीकडे तोंड करून बसलेली. तशीच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला लिही, ईस्टरला ये म्हणावं. तूच लिही, तुझ्या हाताने."

मी म्हटलं, "लिहिते. आणि माझं काय, आई?"

ती म्हणाली, "त्याला येऊ दे आधी. तुझं नंतर बघते."

तेव्हा ये, ल्युबेन. ईस्टर पाच मेला आहे. मी तुला वेळेवर कळवते आहे.

तुझी ताई